निर्जंतुक टाकीत मासे का जगत नाहीत?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र लिहिणाऱ्या ताई 34 वर्षं परिचारिका म्हणून काम करून निवृत्त झाल्या आहेत. नऊ वर्षांच्या नातवाच्या वाढदिवसाला त्यांनी 60 लिटरची काचेची टाकी आणली. संध्याकाळी नळाचं पाणी भरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 12 मासे सोडले: सहा निऑन टेट्रा, चार गप्पी, दोन गोल्डफिश. तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. ताईंनी टाकी रिकामी केली, खडी उकळली, फिल्टरचा स्पंज ब्लीचच्या पाण्यात बुडवून नळाखाली धुतला, काच पुसली आणि ताज्या पाण्यात मासे परत सोडले. तेव्हापासून दर रविवारी हेच चालू आहे. आवाज होतो म्हणून फिल्टर रात्री बंद असतो. मेलेल्या माशांच्या जागी, नातू शाळेतून यायच्या आत, तसेच दिसणारे आणखी आठ मासे आणले गेले. पाच आठवड्यांत 20 पैकी 16 मासे गेले. राहिले तीन गप्पी आणि एक गोल्डफिश. प्रत्येक मृत्यूची तारीख, वेळ आणि लक्षणं ताईंनी वहीत लिहिली आहेत आणि त्या पानांचे फोटो पत्रासोबत पाठवले आहेत.

"वॉर्डात सगळे म्हणायचे, सिस्टरच्या हाताला यश आहे. मग या मुक्या जिवांना ते का लागू पडत नाही?" असं त्या लिहितात. त्यांचे प्रश्न असे: पाणी पूर्ण जंतुमुक्त राहावं म्हणून कोणतं औषध घालू? दुकानदार म्हणतो की सुरुवातीला काही मासे जातातच, नवे सोडत राहा. सून म्हणते, टाकीच काढून टाका. कोणाचं ऐकू? आणि नातवाला खरं सांगू का?

उत्तर

प्रिय ताई,

पत्राच्या आधी मी तुमच्या वहीची पानं वाचली. "कल्ले लालभडक", "पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप", "एका कुशीवर, स्पर्शाला प्रतिसाद मंद". रुग्णांचे चार्ट भरण्यात आयुष्य गेलेला हात त्या अक्षरात दिसतो. मासे पाळणाऱ्यांत इतकी नेमकी नोंद ठेवणारी माणसं फार थोडी भेटतात. म्हणून औषधाकडे वळण्याआधी आपण तुमच्याच वहीपाशी थांबू या.

प्रत्येक मृत्यूपुढे तुम्ही तारीख लिहिली आहे. तिच्या शेजारी आणखी एक आकडा लिहून पाहा: त्या दिवशी टाकी धुतल्याला किती दिवस झाले होते? मी लिहून पाहिला. 16 पैकी 12 मासे धुतल्यापासून तिसऱ्या ते सहाव्या दिवसाच्या आत गेले. तीन मासे धुतल्याच्या रात्रीच गेले. उरलेला एक दुसऱ्या दिवशी. संसर्ग असता तर तो रविवार पाहून थांबला नसता आणि बुधवार पाहून पुन्हा सुरू झाला नसता. तुमच्या माशांना कुठला जंतू मारत नव्हता. टाकीत एक विष साचत होतं, रविवारी ते पाण्यासोबत निघून जात होतं आणि सोमवारपासून पुन्हा साचत होतं.

ते विष म्हणजे अमोनिया. आपल्या शरीरात तयार होणाऱ्या अमोनियाचं यकृत युरियात रूपांतर करतं. यकृत निकामी झालेला रुग्ण कसा गोंधळतो, कसा गुंगीत जातो, हे तुम्ही जवळून पाहिलं असेल. मासा ही खटपट करत नाही. तो अमोनिया थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडून देतो. नदीत, तळ्यात हे चालतं, कारण भोवती पाणी अफाट असतं. 60 लिटरच्या टाकीत मात्र त्याने बाहेर टाकलेलं त्याच्याच कल्ल्यांपाशी परत येतं. त्यात न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजून भर पडते. मत्स्यशेतीत एक ढोबळ हिशेब वापरतात: माशांना घातलेल्या एक ग्रॅम खाद्यामागे सुमारे 30 मिलिग्रॅम अमोनियारूपी नायट्रोजन पाण्यात येतो. तुमच्या टाकीला तो भागून पाहा. एका ग्रॅमला लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम. काही दिवस कोणी त्याची विल्हेवाट लावली नाही, तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी वहीत "कल्ले लालभडक" असं लिहावं लागतं.

त्याची विल्हेवाट लावणारे कोण, हे तुम्हाला सांगताना मला जरा जपून बोलावंसं वाटतं. तुमच्या व्यवसायात जंतू म्हटलं की पुढचा शब्द नाश हाच असतो आणि तो बरोबरच आहे. पण माशांच्या टाकीत अमोनियाचं काम तमाम करणारे जंतूच असतात. एका गटाचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात. दुसऱ्या गटाचे नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट त्या दोघांच्या मानाने बरंच निरुपद्रवी असतं. हे जिवाणू पाण्यात मोकळे फिरत नाहीत. स्पंजच्या छिद्रांत, खडीवर, काचेवर, वनस्पतींच्या पानांवर बुळबुळीत थर करून राहतात. बोटाला लागणारा जो थर तुम्हाला घाण वाटला, तो या टाकीचं यकृत होता. दर रविवारी ते उकळत्या पाण्याने आणि ब्लीचने काढून टाकलं जात होतं.

हे परत का उगवत नव्हतं, असं तुम्ही विचाराल. वॉर्डातले जंतू तर एका रात्रीत फोफावतात. ई. कोलायला अनुकूल स्थितीत दुप्पट व्हायला वीसेक मिनिटं पुरतात. हे जिवाणू त्या मानाने अतिशय संथ आहेत. सगळं मनासारखं असलं तरी त्यांना दुप्पट व्हायला अर्धा ते एक दिवस लागतो, कधी त्याहूनही जास्त. म्हणून नव्या टाकीत त्यांची पुरेशी वस्ती व्हायला साधारण चार ते सहा आठवडे जातात, पाणी गार असेल तर जास्तच. मासे पाळणारे याला टाकी "सायकल होणं" म्हणतात. तुमची टाकी पाच आठवड्यांची दिसते खरी, पण तिचं वय कधीच सात दिवसांच्या पुढे गेलेलं नाही.

तिसऱ्या दिवशीच्या ज्या दुधाळ पाण्याने हे सगळं सुरू झालं, त्याचीही गोष्ट ऐका. नव्या टाकीत सेंद्रिय अन्न मिळालं की वेगाने वाढणारे दुसरेच जिवाणू पाण्यात एकदम वाढतात आणि पाणी गढूळ पांढरं दिसतं. हा ढग सहसा माशांना त्रास देत नाही, थोडा प्राणवायू जास्त वापरतो एवढंच. हवेचा पंप चालू ठेवायचा, खाणं कमी करायचं आणि वाट पाहायची. काही दिवसांत तो आपोआप बसतो. उलट अमोनिया आणि नायट्राइट यांना रंग नसतो. काचेसारखं नितळ पाणी माशाला मारू शकतं आणि किंचित धुरकट पाण्यात मासा सुखाने जगू शकतो. पाणी डोळ्यांनी पारखायची आपली सवय इथे दगा देते, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांचं मूळ तिथेच असतं.

धुतल्याच्या रात्री गेलेले तीन मासे वेगळ्या कारणाने गेले असावेत. ताज्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो, त्यात स्पंजमध्ये मुरलेल्या ब्लीचची भर. क्लोरीन कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतो. शिवाय सगळं पाणी एकदम बदललं की तापमान आणि पाण्याचा जडपणा (त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण), दोन्ही एका क्षणात बदलतात. उघड्या बादलीत हवेचा पंप लावून दिवसभर ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो. पण काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात, आणि ते असं उडत नाही. त्यासाठी अँटी-क्लोरीनचे थेंब लागतात, आणि क्लोरामाइन फुटलं की मागे थोडा अमोनिया राहतो. म्हणून नळाचं पाणीसुद्धा एकदा तपासून घ्यायचं.

रात्री फिल्टर बंद ठेवणं आजपासून थांबवा. स्पंजमधल्या जिवाणूंना प्राणवायू वाहत्या पाण्यातून मिळतो. प्रवाह काही तास थांबला की ते गुदमरू लागतात. आवाज बहुतेक वेळा पाणी उंचावरून पडण्याचा असतो. टाकीतली पातळी दोन बोटं वाढवली की तो कमी होतो. मोटरच घरघरत असेल तर तिच्या आतला छोटा पंखा काढून साफ करा.

आता औषधाचं. पाणी जंतुमुक्त करणारं कोणतंही औषध घालू नका. तुम्ही जे शोधत आहात त्याने तुमची अडचण वाढेल.

दुकानदाराच्या बोलण्यात अर्धं सत्य आहे. तयार न झालेल्या टाकीत मासे जातात, हे खरंच. पण टाकी तयार करून मासे आणले तर बहुतेक जगतात, हे अर्धं राहून गेलं. मेलेल्याच्या जागी नवा मासा आणल्याने टाकीवरचा भार जिथल्या तिथे राहतो, आणि नवा मासा प्रवासाच्या ताणातून थेट विषारी पाण्यात उतरतो.

सूनबाई म्हणतात ते मी झटकून टाकणार नाही. रोज पंधरा मिनिटं, पुढचे सहा-आठ आठवडे, एवढं देणं घरात कोणालाच जमणार नसेल, तर चारही मासे एखाद्या जुन्या, चालत्या टाकीच्या घरी देऊन थांबणं हा प्रामाणिक निर्णय आहे. त्यात हार नाही. पण ज्या घरात अशी वही आहे, तिथे वेळेची वाण पडेल असं मला वाटत नाही.

थांबायचं नसेल तर दोन वाटा आहेत. एक, चारही मासे तूर्त कुणाकडे तरी ठेवायला द्यायचे आणि रिकामी टाकी तयार करायची. माशांच्या दृष्टीने ही सगळ्यांत दयाळू वाट. दुसरी, राहिलेल्या माशांसकट, रोज पाणी तपासत आणि बदलत टाकी तयार करायची. ही जास्त कष्टाची आहे, आणि चुकलं तर मासे भोगतात. तुमच्या बाबतीत मी मधली वाट सुचवतो. गोल्डफिश द्या, तीन गप्पी ठेवा. गोल्डफिश दोन्ही वाटांमध्ये द्यावाच लागेल. तो पुढे वीतभर आणि त्याहून मोठा होतो, दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, त्याला गप्पींपेक्षा गार पाणी मानवतं आणि त्याची घाण तिन्ही गप्पींच्या मिळून कितीतरी जास्त असते. त्याला मोठ्या टाकीचं घर शोधा. नदीत किंवा तळ्यात मात्र कधीही सोडू नका, तिथल्या मूळच्या जिवांना तो जड जातो. तीन गप्पींचा भार 60 लिटरला हलका आहे आणि गप्पी काटक असतात. कोणालाच गप्पी ठेवून घेता येत नसतील, तरी याच मार्गाने पार पडता येतं.

ज्या घरी गोल्डफिश द्याल, तिथून येताना एक गोष्ट मागून आणा: त्यांच्या जुन्या फिल्टरमधल्या स्पंजचा मूठभर मळलेला तुकडा. हे विरजण समजा. दही लावायला जसं आधीच्या दह्याचं बोट पुरतं, तसं चालत्या टाकीचं हे विरजण आठवड्यांचं काम दिवसांवर आणू शकतं. तुकडा त्यांच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, न धुता, शक्य तितक्या लवकर घरी आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये बसवा. त्या टाकीतले मासे निरोगी आहेत ना, अंगावर पांढरे ठिपके नाहीत ना, एवढं आधी पाहा, कारण विरजणासोबत रोगही येऊ शकतो. तुमचा स्वतःचा ब्लीच लागलेला स्पंज आधी अँटी-क्लोरीनच्या पाण्यात भिजवून, वास पूर्ण गेल्यावरच वापरा.

बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यांच्याबद्दल विचारणारे खूप असतात. कित्येक वर्षं असं मानलं जायचं की टाकीत नायट्राइटवर काम करणारे जिवाणू नायट्रोबॅक्टर गटाचे असतात. 1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांत ते काम मुख्यतः नायट्रोस्पायरा गट करतो. बाटलीत कोण आहे, आणि ती साठवणीत तापली होती का, यावर सारं अवलंबून असतं. घातलीत तर नुकसान नाही. पण बाटली ओतली म्हणून दुसऱ्या दिवशी मासे आणू नका, आणि चाचणी सोडू नका.

चाचणीसाठी थेंबांचं किट घ्या. पट्ट्यांपेक्षा ते भरवशाचं असतं. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी, हे सांगणारा आकडा), या चार चाचण्या हव्यात. रोज ठरलेल्या वेळी, रुग्णाचा टीपीआर (तापमान, नाडी, श्वसन) चार्ट भरायचात तसा हा चार्ट भरा: तापमान, पीएच, अमोनिया, नायट्राइट. नायट्रेट आठवड्यातून एकदा पुरे. अमोनिया आणि नायट्राइट यांची बेरीज लिटरमागे अर्ध्या मिलिग्रॅमवर गेली की त्याच दिवशी तिसरा हिस्सा पाणी बदलायचं, म्हणजे तुमच्याकडे 20 लिटर. नवं पाणी क्लोरीनमुक्त आणि टाकीच्याच तापमानाचं असावं. बेरीज पाव मिलिग्रॅमच्या आत असेल तर टाकीला हात लावू नका. थोडा अमोनिया राहू द्यायचा असतो, तेच जिवाणूंचं अन्न आहे. बादली माशांसाठी वेगळी, साबण कधीच न लागलेली.

पीएचचा रकाना मी मुद्दाम घालायला सांगतो. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो आणि त्यातलं एकच रूप फार विषारी असतं. 25 अंश तापमानाला पीएच 7 असेल तर ते विषारी रूप एकूण अमोनियाच्या अर्धा-पाऊण टक्का असतं. पीएच 8 झाला की पाच टक्क्यांच्या आसपास जातं. म्हणजे किटवरचा रंग तोच, पण विष जवळजवळ दहापट. तुमचं पाणी 8 च्या पुढे असेल तर अर्ध्या मिलिग्रॅमची वाट पाहू नका, पाव दिसताच बदला. उलट्या टोकालाही धोका आहे. जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच स्थिर ठेवणारे क्षार, खातात. मऊ पाण्यात ती संपली की पीएच घसरतो, आणि 6 च्या खाली जिवाणू जवळजवळ काम सोडतात. पीएच हळूहळू उतरतोय असं दिसलं तर थोडं थोडं पाणी बदलणं हाच साधा उपाय.

खाणं एकदाच, दिवसाआड दिलंत तरी चालेल. दोन मिनिटांत संपेल एवढंच. गप्पी काचेपाशी येऊन मागतात, त्यांचं मन मोडवत नाही, हे मला माहीत आहे. पण या सहा आठवड्यांत प्रत्येक जास्तीचा दाणा तुमच्या चार्टवर अमोनिया म्हणून उमटेल.

आता एक सावधगिरीची सूचना, कारण याच टप्प्यावर बहुतेक लोक खचतात. तुमच्या टाकीत आजवर नायट्राइट वाढलंच नसणार, कारण ते तयार करणारे जिवाणूच टिकत नव्हते. आता तुम्ही धुणं थांबवाल, तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरायला लागेल आणि नायट्राइट चढेल. सगळं बिघडतंय असं वाटेल. ते बिघडणं नसतं, पहिला गट कामाला लागला आणि दुसरा अजून यायचा आहे, इतकंच. पण नायट्राइट खरोखर घातक आहे. ते कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं प्राणवायू वाहू न शकणारं मेथहिमोग्लोबिन करतं. रक्त तपकिरी होतं आणि पाण्यात प्राणवायू भरपूर असताना मासा गुदमरतो. मेथहिमोग्लोबिनेमियाचा रुग्ण, ऑक्सिजन लावूनही निळसर राहणारा, तुम्हाला आठवेल, आणि त्याला शिरेतून दिलेलं मिथिलीन ब्लूही. माशांसाठीही ते वापरतात, पण वेगळ्या भांड्यात. मुख्य टाकीत घातलं तर आपल्याच जिवाणूंना इजा होऊ शकते. मुख्य टाकीसाठी त्याहून साधी वस्तू पुरते, ती म्हणजे मीठ. नायट्राइट ज्या वाटेने कल्ल्यांत शिरतं ती क्लोराइडचीच वाट आहे. पाण्यात क्लोराइड जास्त असलं की नायट्राइटला आत जागा मिळत नाही. 60 लिटरला सपाट एक चमचा, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम साधं, काही न मिसळलेलं मीठ, आधी मगभर पाण्यात विरघळवून हळूहळू घाला. मीठ उडून जात नाही. पुढे जेवढं पाणी बदलाल, फक्त तेवढ्याच्या वाट्याचं पुन्हा घालायचं. आणि मीठ घातलं म्हणून पाणी बदलणं टाळायचं नाही.

मग एक दिवस असा येईल की अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, आणि नायट्रेटच्या नळीत रंग. तो दिवस आला की लगेच दुकान गाठू नका. हेच आकडे आठवडाभर टिकू द्या.

त्यानंतर नवे मासे आणायचे ते दोन-तीनच, आणि पुढचे दोन आठवड्यांनी. जिवाणूंची वस्ती तेवढीच असते जेवढं त्यांना अन्न मिळतं. तीन गप्पींच्या घाणीवर पोसलेली वस्ती एकदम दहा माशांचा भार पेलत नाही. प्रत्येक भर घातल्यावर आठवडाभर पुन्हा रोज चाचणी. निऑन टेट्रा सगळ्यांत शेवटी, टाकी दोन-तीन महिने नीट चालल्यावर, आणि आणलेत तर सहाचा थवा. तुमचं नळाचं पाणी जड असेल तर निऑनचा नाद सोडलेला बरा. गप्पींना ते पाणी आवडतं, निऑनला मऊ पाणी लागतं. आणि तुमच्या तिघांत मादी असेल तर भर आपोआपच पडेल. गप्पी महिन्याकाठी पिल्लं देतात, ती मोजणीत धरा.

पिशवी घरी आणल्यावर सरळ टाकीत ओतायची नाही. बंद पिशवी पाण्यावर पंधरा-वीस मिनिटं तरंगू द्या, म्हणजे तापमान जुळेल. मग ती उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी आत घाला, अर्धा तास. शेवटी मासा जाळीने उचलून टाकीत सोडा आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या. मासा अनेक तास बंद पिशवीत प्रवास करून आला असेल तर मात्र हा सोहळा लांबवू नका. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचून पीएच उतरलेला असतो, त्यामुळे तिथला अमोनिया सौम्य रूपात असतो. पिशवी उघडली की वायू उडतो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया घातक होतो. अशा वेळी तापमान जुळवा, पिशवी उघडा आणि मासा लगेच हलवा. त्या संध्याकाळी दिवा बंद ठेवा आणि खाणं दुसऱ्या दिवशी द्या.

विलगीकरणाचं महत्त्व तुम्हाला सांगायला नको. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या छोट्या टाकीत ठेवता आला तर फार उत्तम. त्या टाकीला यकृत कुठून आणायचं? मुख्य फिल्टरमध्ये आतापासूनच एक जादा स्पंज ठेवून द्या. लागेल तेव्हा तो उचलून तिकडे बसवता येतो.

आणि स्वच्छता? ती आहेच, फक्त तिची रीत बदलते. आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदलायचं, खडीत अडकलेली घाण नळीने ओढून घ्यायची, समोरची काच पुसायची. स्पंज प्रवाह मंदावला तरच, आणि टाकीतून काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळायचा. नळाखाली नाही. स्पंज आणि खडी एकाच दिवशी कधीच साफ करायची नाही. नायट्रेट लिटरमागे 20 मिलिग्रॅमच्या आसपास राहिलं तर छान, 40 च्या पुढे जाऊ देऊ नका. हॉर्नवर्टसारखी भरभर वाढणारी वनस्पती टाकीत असली, किंवा मनीप्लांटच्या वेलाची मुळं पाण्यात आणि पानं बाहेर अशी सोडली, तर ती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषून घेतात. माझ्याकडच्या सगळ्यांत जुन्या टाकीची मागची काच हिरवी आहे. ती मी मुद्दाम पुसत नाही.

हे वाचणाऱ्या ज्यांनी टाकी आणली आहे पण मासे अजून आणलेले नाहीत, त्यांनी आताच थांबावं. फिल्टर चालू करा, क्लोरीनमुक्त पाण्यात लिटरमागे दोन मिलिग्रॅम होईल इतका अमोनिया द्या. त्यासाठी टाकीकरता बनवलेलं अमोनियम क्लोराइडचं द्रावण मिळतं. ते नसेल तर रोज चिमूटभर मत्स्यखाद्य घालून कुजू द्या, फक्त त्यात मोजमाप नेमकं राहत नाही. एका दिवशी दोन मिलिग्रॅम दिल्यावर 24 तासांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य दिसायला लागलं की टाकी तयार. मग मोठ्या प्रमाणात पाणी बदलून साचलेलं नायट्रेट काढा, आणि मासे आणा. या वाटेवर एकाही माशाला त्रास होत नाही.

राहिला नातू. त्याला खरं सांगा. नऊ वर्षांच्या मुलाच्या लक्षात मासे बदललेले आले नसतील असं मला वाटत नाही. रोज त्यांच्यासमोर बसणारं मूल शेपटीवरचा ठिपकाही ओळखतं. आजीने आपल्याला वाईट वाटू नये म्हणून ते केलं, हेही त्याला समजेल. त्याला वही दाखवा, 16 नोंदी दाखवा, धुतल्यापासूनचे दिवस त्याच्याकडूनच मोजून घ्या. आकडे रांगेने लागताना त्याचे त्याला दिसले की का घडलं हे तुम्हाला वेगळं समजवावं लागणार नाही. तुमच्या हाताच्या यशाचं म्हणाल, तर शीर पहिल्या फटक्यात सापडण्यामागे कितीतरी वर्षांची नजर होती. इथे तुम्ही पाच आठवड्यांच्या आहात, आणि एवढ्यात कारण सापडेल इतकी नोंद तुम्ही ठेवली आहे.

येत्या रविवारी टाकी धुऊ नका. वहीचं नवं पान आखा आणि पहिली नोंद नळाच्या पाण्याची करा, मग टाकीच्या. नळी धरणं, ती हलवणं, घड्याळ लावणं आणि रंग तक्त्याशी जुळवणं हे काम नातवाला द्या. थेंबांच्या बाटल्या मात्र तुमच्याच हातात राहू द्या. नायट्रेट आणि अमोनियाच्या किटमधली काही रसायनं त्वचेला आणि डोळ्यांना पोळवणारी असतात. नळीचं तोंड बोटाने न दाबता झाकण लावूनच हलवायची, आणि चाचणी झालेलं पाणी परत टाकीत ओतायचं नाही.